अकरा पैशांचं सलाईन

‘बांगलादेशी’ हा शब्द महाराष्ट्रात शिवी म्हणून रुळला, त्याला बरीच वर्षं झाली. भंगारवाला, फेरीवाला, बांधकामावरचा मजूर, कुणीही दाढी-टोपीवाला दिसला की हा शब्द त्याच्या अंगावर फेकला जातो. फेकणाऱ्याच्या घरात लहान मूल असेल तर औषधांच्या डब्यात ओआरएसची एखादी पुडी असतेच. ती कुठून आली हे त्याला ठाऊक नसतं. खरं तर आपल्यालाही नसतं. ढाका म्हटलं की आपल्या लोकांना मलमल आठवते, फार तर १९७१चं युद्ध. जगभरातली लाखो मुलं ज्या मीठ-साखरेच्या पाण्याने मरणाच्या दारातून परत आली, त्याचा बराचसा इतिहास ढाका, मतलब, कोलकाता आणि बनगाव या चार ठिकाणी घडला. मला तरी तो शाळेत कुणी शिकवला नाही.

आधी जुलाबाने मूल मरतं म्हणजे काय होतं, ते पाहू. हैजा झाला की आतड्यातून पाणी आणि क्षार धो धो वाहून जातात. दहा किलोच्या मुलाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेलं, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा गेला, की ते मूल धोक्याच्या टोकावर येतं. मोठ्या माणसाकडे थोडी शिल्लक असते, तान्ह्या बाळाकडे ती नसते. डोळे खोल जातात, टाळू खाली बसते, रडताना आसवं येत नाहीत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच राहते. मग हातपाय गार पडतात, नाडी लागत नाही आणि मूल निपचित होतं. सकाळी खेळत असलेलं मूल संध्याकाळी दफन करावं लागलं, अशा आठवणी आपल्याकडच्या जुन्या घरांत आजही निघतात. मराठीत पटकी म्हणा, उर्दूत हैजा म्हणा, बायाबापड्यांनी जरीमरी म्हटलं तरी चालेल. मारण्याची रीत एकच होती, पाणी काढून घेण्याची.

गेलेलं पाणी परत भरलं तर माणूस वाचेल, हा विचार नवा नाही. १८३१-३२ मध्ये कॉलरा ब्रिटनमध्ये पोहोचला, तेव्हा विल्यम ओ’शॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी व क्षार कमी झाल्याचं दाखवलं. (हाच ओ’शॉनेसी पुढे कोलकात्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकणारा म्हणून प्रसिद्ध झाला.) त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लाटा या डॉक्टरने मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. काही रुग्ण उठून बसले. पण जंतू म्हणजे काय हेच माहीत नसलेला तो काळ. उपचार विसरला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात तो पुन्हा उभा केला, तेव्हा कॉलऱ्याने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. १९६०च्या सुमारास चित्र असं होतं की चांगल्या रुग्णालयात, शिरेतून योग्य सलाईन योग्य मापात मिळालं, तर कॉलऱ्याचा रुग्ण सहसा मरत नाही.

गोम इथेच होती. निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, आणि शीर सापडवणारा हात हवा. शॉकमध्ये गेलेल्या मुलाच्या शिरा बसलेल्या असतात. अनुभवी माणसालाही त्या मिळत नाहीत. कॉलरा येतो तो पुरात, दुष्काळात, छावणीत, झोपडपट्टीत, म्हणजे जिथे यातलं काहीच नसतं तिथे. मेलेल्या मुलांचं औषध शोधलं गेलेलं होतं, ते मुलांपर्यंत पोहोचत नव्हतं.

१९६० मध्ये ढाक्यात ‘पाकिस्तान-सीटो कॉलरा रिसर्च लॅबोरेटरी’ सुरू झाली. नावातच शीतयुद्ध आहे. सीटो ही अमेरिकेने आग्नेय आशियात उभी केलेली लष्करी आघाडी, पाकिस्तान तिचा सदस्य. अमेरिकेला काळजी आपल्या सैनिकांची होती, बंगाली शेतकऱ्याच्या पोराची नव्हती. तरीही महाखालीतल्या त्या रुग्णालयात जे काम झालं ते त्या पोराच्या कामी आलं. इथल्या खाटा वेगळ्या होत्या. कॅनव्हासच्या खाटेला मधोमध भोक, खाली बादली. रुग्णाच्या अंगातून किती पाणी गेलं ते बादलीत मोजायचं आणि तेवढं परत भरायचं. कॉलरा कॉट म्हणून ती खाट आजही वापरात आहे.

तोंडावाटे दिलेलं पाणी कॉलऱ्यात टिकत नाही, असा समज होता. कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहून दाखवलं होतं की सौम्य रुग्ण तोंडावाटे दिलेल्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने सावरतात. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६०च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग इथल्या परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशीत साखर आणि मीठ हातात हात घालून आत शिरतात. मागोमाग पाणीही आत ओढलं जातं. पुढे लक्षात आलं की कॉलऱ्याचं विष पाणी बाहेर ढकलतं, पण ही जोडवाट बंद करत नाही. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते तसंच निघून जातं. त्यात मापात साखर घातली की ते शरीरात थांबतं.

‘मापात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकी नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ मध्ये मनिलात तोंडावाटे उपचाराचा प्रयोग केला. मिश्रण फार तीव्र झालं आणि रुग्ण दगावले. साखर किंवा मीठ जास्त झालं तर आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं. हेच फिलिप्स पुढे ढाक्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. तोंडावाटे उपचाराला ते बराच काळ बिचकत राहिले, यात नवल नाही.

१९६८ मध्ये डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकी डॉक्टरांनी ढाक्यात दाखवून दिलं की शॉकमधून बाहेर काढलेल्या रुग्णाला, जितकं बाहेर गेलं तितकंच ग्लुकोज-मिठाचं पाणी प्यायला देत राहिलं, तर शिरेतून द्यावं लागणारं सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतं. ‘लॅन्सेट’मधल्या त्या निबंधावर पाच नावं आहेत: नलिन, कॅश, इस्लाम, मोल्ला आणि फिलिप्स. जगात पहिली दोन नावं प्रसिद्ध झाली. बांगलादेशात मात्र ‘खाबार सलाइन’, म्हणजे तोंडाने घ्यायचं सलाईन, म्हटलं की लोक डॉ. रफीकुल इस्लाम यांचं नाव घेतात. श्रेयाची ही ओढाताण मला फार महत्त्वाची वाटत नाही. कोलकात्यातही त्याच काळात हे काम चालू होतं. ‘हा शोध आमच्या कौमचा’ म्हणून मिरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. यात अमेरिकी ज्यू आहेत, बंगाली मुसलमान आहेत, बंगाली हिंदू आहेत आणि नाव नोंदलं न गेलेल्या किती तरी परिचारिका आहेत. मला खुपतं ते एवढंच की मधल्या ओळीतली नावं वाचायची सवय आपल्यालाही नाही.

रुग्णालयात जमलेली गोष्ट चिखलात जमेल का, याची परीक्षा १९७१ ने घेतली. पाकिस्तानी लष्कराने मार्चमध्ये पूर्व बंगालमध्ये कत्तल सुरू केली. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्यात हिंदू मोठ्या संख्येने होते, मुसलमानही होते. पावसाळा तोंडावर होता. सीमेलगतच्या बनगावात साडेतीन लाखांच्या आसपास निर्वासित जमले आणि कॉलरा पेटला.

दिलीप महालनबीस हे मूळचे पूर्व बंगालमधल्या किशोरगंजचे, शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ. कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात ते काम करत होते. जूनच्या अखेरीस ते बनगावच्या छोट्या रुग्णालयात पोहोचले. कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी तिथे दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. रुग्ण जमिनीवर, ओसरीवर, जागा मिळेल तिथे पडलेले. त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे की सलाईन लावायला उलटी-जुलाबाने भरलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसावं लागे. शिरेतून सलाईन लावता येणारी त्यांच्या पथकात दोनच माणसं होती. दोन दिवसांत बाटल्या संपायला आल्या. समोर बापाच्या मांडीवर पडलेलं मूल आणि हातात रिकामी बाटली, अशी ती वेळ होती.

तेव्हा त्यांनी तोंडावाटे द्यायच्या पाण्याचा निर्णय घेतला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, प्रशिक्षित माणसांशिवाय ते आजवर कुणीच वापरलं नव्हतं. कोलकात्यातल्या केंद्राच्या वाचनालयात पुड्या बांधायचा कारखाना सुरू झाला. माप असं: एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. तिन्ही वस्तू बाजारात मिळणाऱ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने चिकटवायच्या आणि गाडीत घालून बनगावला पाठवायच्या. तिथे मोठ्या पिंपात पाणी कालवायचं. पिंपाला खाली तोटी. खर्च लिटरमागे अकरा पैसे.

आणि मग त्यांनी जे केलं ते डॉक्टरी पेशाला सहजासहजी पचणारं नव्हतं. पिंपाची तोटी त्यांनी नातेवाइकांच्या हवाली केली. आई, बाप, मोठी बहीण, शेजारी, जो कुणी रुग्णाजवळ असेल त्याने पेला भरायचा आणि पाजत राहायचं. शॉकमध्ये असलेल्यांना आधी शिरेतून सलाईन, मग लगेच पेला. बाकीच्यांना सुरुवातीपासून पेलाच. लोकांचा विश्वास बसेना. त्यांना सुई आणि बाटली म्हणजे औषध आणि पाणी म्हणजे बोळवण वाटत होती. म्हणून त्यांना सांगण्यात आलं, हेही सलाईनच आहे, फक्त तोंडाने घ्यायचं. आधी छावणीत कॉलऱ्याच्या शंभरातले तीस रुग्ण मरत होते. महालनबीसांच्या देखरेखीखाली तोंडावाटे पाणी सुरू झालं आणि हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

हा अहवाल १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोपर्यंत आणि त्यानंतरही बड्या डॉक्टरांचा मोठा वर्ग साशंक होता. छावणीतली गोष्ट आहे, तुलनेसाठी नीट गट नाहीत, वगैरे. आक्षेप शास्त्राच्या भाषेत होते, पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. अंगठाछाप बाई पेल्याने जे करते तेच आपण सुईने करतो, हे मान्य करणं जड जात असावं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीय लिहून या शोधाला या शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. त्याच वर्षी ढाक्याची जुनी प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय संस्था झाली. ‘आयसीडीडीआर,बी’ हे तिचं आजचं नाव. ढाकेकर अजूनही तिला कॉलरा हॉस्पिटलच म्हणतात.

पुडी तयार होती, पण गावोगाव पोहोचवायची कशी? बांगलादेश तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. कारखान्यातली पुडी सगळ्यांना पुरणं शक्य नव्हतं. फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने १९८० मध्ये वेगळा मार्ग धरला. पुडीऐवजी मापच शिकवायचं. ‘लोबोन-गुड’, म्हणजे मीठ आणि गूळ. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. हे शिकवायला बायकांची पथकं निघाली. पडदा पाळणाऱ्या घरात परका पुरुष शिरू शकत नाही. बाई थेट चुलीपाशी जाऊन बसते. एकेका आईला समोर बसवून तिच्या हातून पाणी करून घ्यायचं. दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत त्या पोहोचल्या.

या मोहिमेतला मला सर्वांत आवडणारा भाग पगाराचा आहे. शिकवणाऱ्या बाईला किती घरं झाली यावर पैसे मिळत नसत. काही आठवड्यांनी दुसरा माणूस गावात जाई, निवडक आयांना प्रश्न विचारी, पाणी करायला लावी, त्यातलं मीठ तपासायला नेई. आईच्या लक्षात जितकं राहिलं, तितका मोबदला. आपल्याकडच्या किती सरकारी शिबिरांना ही कसोटी झेपेल?

तरी एक धक्का बसलाच. बायकांना सगळं पाठ होतं, पण मूल आजारी पडल्यावर फार थोड्या जणी ते पाणी पाजत होत्या. ब्रॅकच्या लोकांनी कारणं शोधली. शिकवणाऱ्यांपैकी काही जणींचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्या घरी त्या गोळ्या आणत. त्यांना ढाक्याला नेऊन रुग्णालयात काय होतं ते दाखवावं लागलं. दुसरं कारण भाषेचं. गावात जुलाबाला एक नाव नव्हतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचे वेगळे, अपचनाचे वेगळे, आवेचे वेगळे, आणि ‘डायरिया’ म्हणजे फक्त कॉलऱ्यासारखी जीवघेणी हगवण. औषध ‘डायरिया’चं म्हणून सांगितलं, तर बाकीच्या जुलाबांत ते कोण देणार? तिसरं कारण पुरुष. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि घरात त्यांचा शब्द चालत होता. मग बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांच्या बैठका झाल्या. हळूहळू वापर वाढला. आज मुलांच्या जुलाबात ओआरएस वापरण्यात बांगलादेश जगात आघाडीच्या देशांत गणला जातो.

कॉलरा हॉस्पिटलची गोष्ट इथे थांबत नाही. जुलाबातून वाचलेली कुपोषित मुलं न्यूमोनियाने जातात, हे तिथल्या डॉक्टरांना रोज दिसत होतं. मोहम्मद जुबेर चिश्ती हे तिथले बालरोगतज्ज्ञ. (आडनाव वाचून आपल्या वाचकांना अजमेर आठवेल.) १९९६ मध्ये सिल्हेटला शिकाऊ डॉक्टर असताना एकाच रात्री त्यांच्या डोळ्यांदेखत तीन मुलं न्यूमोनियाने गेली. नुसता ऑक्सिजन पुरत नव्हता, व्हेंटिलेटर परवडणारं नव्हतं. पुढे मेलबर्नला त्यांनी बबल सीपॅप पाहिलं. मुलाच्या नाकाला नळी लावतात, श्वास सोडताना हवा दुसऱ्या नळीतून पाण्यात जाते. नळी पाण्यात जितकी खोल, तितका दाब फुप्फुसात टिकतो आणि हवेचे फुगे मिटत नाहीत. ढाक्यात परतल्यावर एका शाम्पूच्या बाटलीत त्यांना तसेच बुडबुडे दिसले. तीच बाटली त्यांनी उपकरण म्हणून वापरली.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. गंभीर न्यूमोनिया झालेली पाच वर्षांखालची २२५ मुलं होती. बाटलीच्या गटात ७९ पैकी ३ मुलं दगावली. नेहमीच्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवरच्या ६७ पैकी १०. चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना हा उपचार द्यायचं ठरलं.

इथे टाळ्या वाजवून पुढे जायचा मोह होतो. पण आफ्रिकेतल्या मलावीत, रोज डॉक्टर न येणाऱ्या एका जिल्हा रुग्णालयात, ६४४ मुलांवर बबल सीपॅपची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिथे सीपॅपच्या गटात १७ टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनच्या गटात ११ टक्के. त्या चाचणीतलं उपकरण शाम्पूच्या बाटलीचं नव्हतं, तत्त्व मात्र तेच. ढाक्यात त्या बाटलीशेजारी रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टर होते. ‘स्वस्त जुगाड’ म्हणून ढाक्याच्या बातम्या देणाऱ्यांनी ते लिहिलं नाही. बाटली स्वस्त आहे, ती माणसं स्वस्त नाहीत.

२०२२च्या मार्च-एप्रिलमध्ये ढाक्यात जुलाबाची मोठी साथ आली. कॉलरा हॉस्पिटलमध्ये रोज हजाराहून अधिक रुग्ण येत होते. आवारात तंबू ठोकले गेले, त्यात त्याच भोकाच्या खाटा मांडल्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात महालनबीस वारले. २०२३च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं.

आपल्याकडे काय चाललं आहे? मोहल्ल्यातल्या कुठल्याही दवाखान्यात अर्धा तास बसा. दोन जुलाब झालेल्या मुलाची अम्मी आत शिरताच म्हणते, “डॉक्टरसाहब, बाटली लावा, पोरगं गळून गेलंय.” डॉक्टरही लावतो, कारण पुडीचे पैसे मागता येत नाहीत, बाटलीचे येतात. घरी दादी सांगते, पोटाला आराम द्या, पाणी देऊ नका. तीच दादी दम केलेलं पाणी मात्र चमचा-चमचा पाजते. दादीचा हात बरोबर आहे, पाण्यात मीठ-साखर तेवढी नाही. शिवाय दुकानात ‘ओआरएस’ लिहिलेले गोड डबे वर्षानुवर्षं विकले गेले. त्यांत साखर इतकी की मनिलाचीच चूक नव्याने घडावी. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी केली.

खऱ्या पुडीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. २००२ पासून जगभर हेच माप आहे. पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालायची, अर्धीमुर्धी नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मूल सुस्तावलं, पिईनासं झालं, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त आलं, तर पुडीच्या भरवशावर बसायचं नाही. उचलून थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं, आणि वाटेत शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर चमचा थांबवायचा नाही.